पांढऱ्या डोळ्यांचा कावळा

मे महिन्यात काश्मीरला जाऊन आलेल्या गोवेकरांच्या फोनमध्ये चिनार आणि शिकाऱ्यांच्या गर्दीत एखादा कावळाही सापडतो. ‘तिथले कावळे बारके असतात’ असं म्हणून तो फोटो पुढे सरकवला जातो. तसं न करता जरा मोठा करून बघा. मान आपल्या कावळ्यासारखीच राखाडी, चोच मात्र आखूड आणि डोळा चक्क चांदीसारखा पांढरा. हा कावळा नव्हे, जॅकडॉ. कावळ्याच्याच कुळातला, पण वेगळा पक्षी.

गोव्यात तो येत नाही. युरोपपासून मध्य आशियापर्यंत त्याचा संसार पसरला आहे. भारतात तो काश्मीरमध्ये वीण करतो आणि थंडीत पंजाबच्या बाजूला खाली उतरतो, त्याच्या पुढे दक्षिणेला त्याला काही काम नसतं. लांबी ३३ ते ३९ सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या आतबाहेर. लिनियसने १७५८ साली त्याला कावळ्यांच्याच प्रजातीत टाकलं होतं; हल्ली बरेच पक्षितज्ज्ञ त्याला ‘कोलिअस’ या वेगळ्या प्रजातीत धरतात. आपला राखाडी मानेचा गावकावळा आणि हा जॅकडॉ निसर्गतः फारसे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या जातीचे काही कावळे जहाजावर बसून थेट नेदरलँड्समधल्या हुक ऑफ हॉलंड बंदरात उतरले आणि तिथे त्यांनी घरटीही केली. जॅकडॉंच्याच गावात. जहाजावरून फुकट प्रवास करण्यात आपल्या कावळ्याचा हात धरणारा पक्षी विरळाच. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तर त्याने असा उच्छाद मांडला की केनियाने २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली.

पण मुद्दा डोळ्यांचा. संस्कृतात काकाक्षिगोलकन्याय आहे: कावळ्याला बुबुळ एकच, ते हवं तेव्हा या खोबणीतून त्या खोबणीत जातं. शास्त्रीबुवांनी तो न्याय व्याकरणासाठी वापरला, पण त्यामागचं निरीक्षण खोटं नाही. म्हापशाच्या मासळी बाजारात बांगड्याच्या डोक्यावर टपलेला कावळा पाहा. तो समोरून सहसा बघत नाही. मान वाकडी करतो, एका डोळ्याने डोकं बघतो, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने मासळीवालीच्या हातातल्या कोयत्याचा अंदाज घेतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला हे करावंच लागतं. आणि त्याचा डोळा गडद, जवळजवळ काळा असल्यामुळे दहा पावलांवरून तो नेमका कुठे बघतोय याचा पत्ता आपल्याला लागत नाही.

जॅकडॉचा मामला उलटा. बाहुली काळी आणि भोवतीचं कडं पांढरं, त्यामुळे नजर लांबूनही दिसते. पक्ष्याला याचा उपयोग काय? २०१४ साली गॅब्रिएल डेव्हिडसन, निकोला क्लेटन आणि अ‍ॅलेक्स थॉर्नटन यांनी केंब्रिजच्या परिसरात जॅकडॉंना घरट्यासाठी टांगलेल्या लाकडी पेट्यांमध्ये वेगवेगळी चित्रं लावून पाहिली. कुठे नुसतं काळं चित्र, कुठे फक्त पांढरे डोळे, कुठे पांढऱ्या डोळ्यांचा जॅकडॉचा चेहरा, तर कुठे त्याच चेहऱ्यावर दुसऱ्या कावळ्याचे काळे डोळे. पांढऱ्या डोळ्यांचा चेहरा आत दिसला की बाहेरून आलेले पक्षी त्या पेटीवर कमी वेळा बसले आणि बसलेच तर लवकर निघून गेले. म्हणजे तो डोळा ‘घर रिकामं नाही’ ही पाटी आहे.

ही पाटी का लागते, तर जॅकडॉ घरटं झाडाच्या शेंड्यावर करत नाही. त्याला भोक लागतं. झाडाची ढोली, कड्यातली कपार, चर्चच्या मनोऱ्यातली फट, विलायतेतल्या घरांची धुरांडी. अशा जागा मोजक्या आणि गिऱ्हाइकं फार, त्यामुळे जागेवरून भांडणं रोजची. आपल्या कावळ्याला दोन फांद्यांचं बेचकं पुरतं, वर तारेचे तुकडेही चालतात. धुरांड्यात घरटं करणाऱ्या जॅकडॉची पद्धत बघण्यासारखी असते. तो स्वतःपेक्षा लांब काटकी चोचीत आडवी धरून येतो. काटकी अर्थातच तोंडाशी अडते. तो मागे सरतो, डोकं तिरकं करतो, पुन्हा अडते. शेवटी एका टोकाने आत घुसवून सोडून देतो. काटकी सरळ खाली जाते. दुसरी आणतो, तीही खाली जाते. पुढेमागे एखादी मध्येच आडवी अडकते, तिच्यावर बाकीच्या अडकतात आणि मचाण तयार होतं. तोवर खालच्या घरातल्या शेगडीत टोपलीभर काटक्या जमलेल्या असतात. वर मग लोकर, केस, माती. लोकर तो मेंढीच्या पाठीवर बसून तिथूनच उपटून आणतो, मेंढी बिचारी चरत असते. चार-पाच अंडी, सतरा-अठरा दिवस मादी उबवते, आणि तेवढे दिवस नर तिला खायला आणून घालतो.

जोडी हे जॅकडॉच्या आयुष्याचं मूळ. पहिल्या वर्षीच जुळते आणि बहुधा दोघांपैकी एक मरेपर्यंत टिकते. निष्ठावान म्हणून नाव असलेल्या कितीतरी पक्ष्यांची पिल्लं जनुकीय तपासणीत शेजाऱ्याची निघाली आहेत. जॅकडॉच्या बाबतीत संशोधकांना हा प्रकार जवळजवळ आढळलाच नाही. जोडीतले दोघे तासन्‌तास एकमेकांच्या मानेवरची पिसं विंचरतात, जिथे स्वतःची चोच पोचत नाही तिथे. थव्यात उडतानाही हे नातं सुटत नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला उडत्या थव्यांचं वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं, की जोडीदारासोबत उडणारा पक्षी इतर शेजाऱ्यांकडे कमी लक्ष देतो आणि पंखही जरा सावकाश मारतो. त्याची शक्ती वाचते, थवा मात्र तेवढा चपळ राहत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

थवा रात्री एकाच राईत झोपतो, कधी शेकडोंनी, कधी हजारोंनी. पहाटे उठतो कसा, हे कोडं २०२२ मध्ये त्याच कॉर्नवॉलमध्ये बऱ्यापैकी सुटलं. उजाडायच्या सुमारास एकेक पक्षी ओरडू लागतो, गलका वाढत जातो आणि एका टोकाला पोचला की शेकडो पक्षी काही सेकंदांत एकदम उडतात. संशोधकांनी ध्वनिमुद्रित गलका लाउडस्पीकरवरून ऐकवला, तर थवा सरासरी सहा-साडेसहा मिनिटं आधीच उठला. नुसता वाऱ्याचा आवाज लावला तेव्हा तसं झालं नाही. थोडक्यात, ते मतदान करतात. हुकूम सोडणारा कोणी नसतो. आपल्याकडे तिन्हीसांजेला शहरातल्या मोठ्या झाडांवर कावळ्यांची जी सभा भरते, तिच्याबद्दल असा प्रयोग कोणी गोव्यात करून पाहिला तर मला आनंद होईल.

जॅकडॉचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षण मात्र प्रयोगशाळेतलं नाही, घराच्या माळ्यावरचं आहे. कोनराड लॉरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने विशीत असताना पक्ष्यांच्या दुकानातून जॅकडॉचं एक पिल्लू विकत घेतलं. डॅन्यूब नदीकाठच्या आल्टेनबर्गला, आपल्या घराच्या छपरावर, पुढे त्याने त्यांची आख्खी वसाहत वाढवली. पक्षी मोकळे असत, बाहेर जात आणि परत येत. १९७३ चं नोबेल पारितोषिक त्याला कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्याबरोबर मिळालं, त्या कामाची सुरुवात बरीचशी या छपरावर झाली.

त्याने पाहिलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली: कोणी काळी, लोंबती वस्तू हातात धरली की जॅकडॉ खवळून किरकिरत अंगावर येतात. लॉरेंझने एकदा खिशातून पोहायची ओली काळी चड्डी काढली, तर सगळी वसाहत त्याच्यावर तुटून पडली. पिसं न फुटलेलं गुलाबी पिल्लू त्याने हातात घेतलं तर आईबाप काही बोलत नसत; त्याच पिल्लाला काळी पिसं फुटली की तोच माणूस एकदम वैरी. गंमत म्हणजे शत्रू कोण हे पिल्लांना जन्मतः कळत नाही. थोरांची किरकिर ऐकून ती शिकतात. अलीकडे हेच मुखवटे घालून पडताळून पाहिलं गेलं. एखाद्या मुखवट्याचा माणूस दिसताना भाईबंदांचा इशाऱ्याचा ओरडा ऐकू आला, की रानातले जॅकडॉ तो चेहरा ध्यानात ठेवतात. कावळ्याचं पिल्लू एकदा हातात घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर पुढे कित्येक दिवस टोची का बसतात, हे गोव्यात कोणाला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाळण्याबद्दलची. माणसाने हाताने भरवून वाढवलेल्या नर जॅकडॉला वयात आल्यावर जोडीदार म्हणून माणूसच हवा असतो. जॅकडॉ मुळातच खाऊ देणारा पक्षी. लहानपणी सवंगड्यांना देतो, मोठेपणी जोडीदाराला. अशाच एका प्रेमिकाने अळ्यांचा लाळेत कालवलेला घास लॉरेंझला भरवायचा प्रयत्न केला. लॉरेंझ तोंड उघडेना. मग त्याने तो कानात कोंबला.

हसू येतं, पण त्या पक्ष्याची बाजू पाहा. त्याला पाळीव प्राणी व्हायचं नव्हतं, संसार करायचा होता. एकटा ठेवलेला जॅकडॉ म्हणजे दिवसभर कुलूपबंद घरात ठेवलेली नवी सून. ज्याच्याशी तो जोडला जातो तो कामाला जातो, सुट्टीला जातो, नंतर त्याचं लग्न होतं. पक्षी ओरडतो, चावतो, स्वतःचीच पिसं उपटतो. हातावर वाढलेल्या जॅकडॉंना माणसाची नजर वाचता येते, हे २००९ मध्ये ऑगुस्टे फॉन बायर्न आणि नेथन एमरी यांनी दाखवलं आहे. आपल्याकडे कोणी बघत नाही हे त्यांना नेमकं कळतं. आणि मला विचाराल तर याच कारणासाठी त्याला एकटं पाळू नये.

चकचकीत वस्तू चोरणारा म्हणून त्याची जी ख्याती आहे तिच्यात गोष्टीच जास्त. त्याचा नातलग मॅगपाय याच आरोपावरून २०१४ मध्ये तपासला गेला, तेव्हा तो चकाकणाऱ्या वस्तूंना उलट बिचकताना दिसला. शिवाय जॅकडॉ खाणंसुद्धा फारसं साठवत नाही, सापडलं की तिथेच संपवतो. आपला कावळा मात्र मासळीचा तुकडा कौलाखाली सारून वर पान ठेवतो आणि दुपारी बरोबर तेच कौल उचकतो.

आपल्याकडे जॅकडॉ पाळायचा प्रश्न येत नाही, पण मेअखेरीला वळवाचं वारं सुटलं की घरटी हलतात आणि माडाखाली, रस्त्यावर कावळ्याची पिल्लं पडलेली मिळतात. मुलं ती घरी आणतात आणि दूध-पाव भरवतात. दूध पक्ष्याला पचत नाही. नुसता भात किंवा नुसतं मांस दिलं तर चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडून हाडं वाकतात, आणि असं पिल्लू पुढे धड उडत नाही. भरवून जगलंच, तर वर सांगितलेला कानातला घास आहेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होता. ते परिशिष्टच एप्रिल २०२३ पासून कायद्यातून गेलं, तेव्हा तो जुना शिक्का आता त्याच्यावर नाही.

पिल्लाला पिसं फुटली असतील, पाय आणि पंख धड असतील, तर टोपलीत थोडं गवत घालून ती जवळच्याच फांदीवर, मांजर पोचणार नाही अशी बांधावी. आपल्या डोक्यावर जाड टोपी घालून. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकतात हा गैरसमज आहे. आपण लांब गेलो की बहुधा थोड्या वेळात ते भरवायला येतात. जखम असेल तर वनखात्याला फोन करावा, पाणी चोचीत ओतू नये. आणि टोपलीतलं पिल्लू कोकिळेचं आहे की कावळ्याचं याचा घोळ घालत बसू नये. कावळीने तो कधीच घातलेला नाही, ती दोघांनाही भरवते.