लिमिटेड एडिशन स्पोर्ट्स कार: पुढे भाव येईल का, आणि तोवर ती ठेवायची कशी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"देशात अशा दोनशेच गाड्या आल्या, त्यातली एक माझ्याकडे आहे. पंधरा वर्षांनी हिचे किती येतील?" जिनिंगवाले, डॉक्टर, समृद्धी महामार्गात जमीन गेलेले शेतकरी, सगळे आम्हाला हेच विचारतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

आकडा आम्ही सांगत नाही. दुसरं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याला आधी गाडी विकायची आहे का ते पाहा. कोणत्या जातीच्या गाडीला पुढे भाव येतो आणि कोणत्या जातीच्या गाडीला येत नाही, हे मात्र सांगता येतं. आणि भाव येईल त्या दिवशी तुमची गाडी धड असावी, ते तर आपल्याच हातात आहे.

गाड्या कमी बनल्या म्हणजे भाव येतोच असं नाही

यामाहा आरएक्स १०० घ्या. १९८५ ते १९९६ या काळात ती गावोगावी विकली गेली, तिला लिमिटेड कोणी म्हटलं नाही. आज मूळ रंगातली, मूळ सायलेन्सरची आरएक्स घ्यायला जा, नव्या मोटरसायकलीइतके पैसे मागतात. राजदूत ३५० ला त्या काळी लोकांनी नाक मुरडलं, कारण मायलेज नव्हतं. आज तिच्यासाठी लोक जिल्हे पालथे घालतात. तेव्हा जी पोरं कॉलेजात होती आणि तिच्याकडे नुसती बघत राहायची, त्यांच्या हातात आता पैसा आला आहे. भाव तिथून येतो.

बाहेरच्या देशांतही असंच घडलं. जग्वार एक्सजे २२० ही गाडी १९९२ ते १९९४ या काळात तीनशेपेक्षाही कमी बनली. तरी बुकिंग केलेल्या अनेकांनी माघार घेतली आणि पुढे कित्येक वर्षं तिला मूळ किंमतही येत नव्हती. फेरारी एफ ४० आधी चारशेच बनवायची ठरली होती, प्रत्यक्षात तेराशेच्या वर बनली. मध्ये एकदा घसरूनही तिचा भाव पुढे खूप चढला, कारण ती पाहून एक पिढी वेडी झाली होती.

दुसरा धोका असतो तो खुद्द कंपनीचा. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर ही गाडी मोजून ९९१ काढली. जबर इंजिन आणि हाताचा गिअर, म्हणून लोकांनी मूळ किमतीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजले. पुढच्याच वर्षी कंपनीने जीटी ३ टूरिंग आणली, तिलाही हाताचा गिअर होता आणि आकड्याची मर्यादा नव्हती. ९११ आरचा बाजार खाली आला.

आपल्याकडचं पाहू. २०१६ ची फोक्सवॅगन पोलो जीटीआय ९९ च आणणार असं जाहीर झालं होतं. सुरुवातीला पंचवीस लाखांच्या वर असलेली किंमत पुढे १९.९९ लाखांवर आणावी लागली. म्हणजे आधी घेणाऱ्यांचे पाच-सहा लाख कागदावरच गेले. तरीही आमच्या मते या गाडीला पुढे गिऱ्हाईक आहे, कारण ती तीन दारांची आहे आणि इंजिन साध्या पोलोपेक्षा वेगळं, १.८ लिटरचं. २०२० ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, देशात २०० गाड्या, तीही त्याच रांगेत. २०१९ ची थार ७०० थोडी वेगळी. तिच्यातला बदल बहुतेक वरवरचा आहे: पट्टे, बिल्ला, सहीची पाटी. ती टिकेल ती जुन्या बांध्याची शेवटची थार म्हणून, ७०० च्या आकड्यामुळे नव्हे.

म्हणून घेताना एवढं तपासा. हिच्यात इंजिन, गिअरबॉक्स किंवा बॉडी खरंच वेगळी आहे, की नुसते स्टिकर आहेत? आणि आज बारावीत शिकणारं पोरगं मोबाइलवर हिचाच फोटो लावतं का? दोन्हीला "हो" आलं तर आशा आहे.

हिशेब कागदावर मांडून पाहा

३६ लाखांची गाडी. तेच ३६ लाख सात टक्क्यांनी ठेवले तर दहा वर्षांत साधारण ७१ लाख होतात. म्हणजे दहा वर्षांनी गाडी ७१ लाखांना गेली तरी तुम्ही बँकेच्या बरोबरीला आलात, आणि विमा, टायर, सर्व्हिस यांचा खर्च त्यात धरलेला नाही. विम्यात गाडीची धरलेली किंमत पाचव्या वर्षापर्यंत निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर ती किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. त्या वेळी गप्प राहू नका, फोटो आणि बिलं घेऊन बसा.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं, मग दर पाच वर्षांनी. वीस वर्षांवरच्या साध्या कारला आता ती फी १०,००० रुपये आहे आणि बाहेरून तयार आलेल्या गाडीला ८०,०००. पोलो जीटीआय आणि आरएस २४५ दोन्ही बाहेरून तयार आलेल्या. पर्यावरण कर वेगळा. "व्हिंटेज म्हणून नोंदवून टाकू" असं काही जण म्हणतात, पण व्हिंटेजची नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाडीलाच मिळते.

तेव्हा शेत विकून ठेव म्हणून गाडी घेऊ नका. चालवायची हौस आहे आणि पैसे अडकले तरी घर अडत नाही, तर जरूर घ्या. आम्हाला आनंदच आहे.

एक चूक जी सगळ्यांचा वेळ खाते: दर रविवारी पाच मिनिटं चालू करणं

गाडी जपायची म्हणून ती शेडमध्ये उभी करतात आणि दर रविवारी कोणीतरी जाऊन सेल्फ मारून पाच मिनिटं चालू ठेवतं. मनात भावना चांगलीच असते. पण टोचन करून आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत सर्वांत जास्त गाड्या याच कारणाच्या असतात.

थंड इंजिन चालू होतं तेव्हा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. ऑइल नव्वद-शंभर अंशांवर जाऊन तिथे पंधरा-वीस मिनिटं राहिलं तर ही वाफ आणि पेट्रोल दोन्ही उडून जातात. पाच मिनिटांत ऑइल कोमटसुद्धा होत नाही. काटा मध्यावर आला म्हणजे पाणी तापलं, ऑइल अजून मागेच असतं. मग वाफ आतच थिजते. घरी करून पाहा: ऑइल भरायचं झाकण उघडा आणि आतून बोट फिरवा. पिवळसर पांढरी, दुधावरच्या सायीसारखी चिकट घाण बोटाला लागली, तर ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आहे. असंच पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि तो आतून सडतो. झाकण स्वच्छ निघालं तर काळजी नाही. साय दिसली तर आधी एकदा लांब चालवून पाहा. तरी गेली नाही आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधली सीलची पट्टी) तपासावी लागते.

बॅटरीचं गणित याहून सोपं आहे. आजच्या गाडीत बंद असतानाही लॉक, अलार्म, कॉम्प्युटर मिळून साधारण ५० मिलिअँपिअर खातात. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी असते ६० ची. आठवडाभरात जेवढं जातं, तेवढं रविवारच्या पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. आमच्या उन्हाळ्यात, ४५ अंशांत, बॅटरी तशीही लवकर म्हातारी होते. मीटर लावून १२.६ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. तशीच पडून राहिली तर प्लेटवर पांढरा थर बसतो आणि मग ती कधीच पूर्ण भरत नाही.

उतरलेल्या बॅटरीला टिप्परच्या बॅटरीवरून जम्प देऊ नका. टिप्परची वायरिंग २४ व्होल्टची असते, तुमच्या गाडीची १२ ची. एका सेकंदात कॉम्प्युटर जातो, आणि लिमिटेड गाडीचा कॉम्प्युटर सहज मिळत नाही. ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असला तरी तो चालू ठेवून चिमटे लावू नका.

मग करायचं काय? पंधरा दिवसांतून एकदा गाडी तीस किलोमीटर चालवा. पहिले आठ-दहा किलोमीटर सावकाश, नंतर मोकळ्या रस्त्यावर. एसी दहा मिनिटं लावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं सील ओलं राहील. ब्रेक चार-पाच वेळा नीट दाबा, डिस्कवरचा गंज पुसला जाईल. किलोमीटर वाढतील ही भीती सोडा. वर्षाचे ७८०, दहा वर्षांचे ७,८००. नियमित फिरलेली ७,८०० ची गाडी आणि सील वाळलेली ९०० ची गाडी समोर आली, तर जाणकार पहिलीच घेतो.

तेवढं जमणार नसेल तर गाडी अजिबात चालू करू नका. बॅटरीला आपोआप थांबणारा चार्जर लावा, लाइट जाऊन आली की तो स्वतः पुन्हा सुरू होईल असा घ्या. बॅटरी एजीएम (आतलं ॲसिड काचेच्या तंतूंत शोषलेली) असेल तर चार्जर त्या मोडवर ठेवा. पाच मिनिटं चालू करण्यापेक्षा बंद उभी राहिलेली बरी.

शेडमधल्या गोष्टी

युरिया आणि खताच्या गोण्या ज्या शेडमध्ये आहेत, तिथे ही गाडी ठेवू नका. युरिया हवेतली ओल ओढतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि वायरिंगच्या तांब्याला हिरवा गंज चढतो. मग कधी हा दिवा लागतो, कधी तो, आणि दोष सापडायला दोन-दोन दिवस जातात. सोयाबीन, ढेप, कुटार जवळ असलं की उंदीर आलेच. बॉनेटखाली डांबरगोळ्या टाकून भागत नाही, दाराखालची फट बारीक जाळीने बुजवा.

पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साचतो, पाणी जायचं भोक बुजतं आणि मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं. तिथेच वायरिंगचे जोड असतात. मे महिन्यात एकदा पाला काढा.

ताडपत्री टाकू नका. खालची ओल अडकते आणि वाऱ्याने हलली की धूळ रंगावर घासते. सुती, हवा जाणारं कव्हर घ्या आणि गाडी पुसूनच घाला. गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, पाचर लावा, नाहीतर पॅड डिस्कला चिकटतात. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, कुंभारमाशी आत मातीचं घर करते. स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा: "बोळा काढा". टाकी जवळपास भरून ठेवा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी पितं. टाकी रिकामी असेल तर जास्त.

टायरच्या कडेला गोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं झाली की खोबणी कितीही नवी दिसो, त्या टायरवर समृद्धीला जाऊ नका. उन्हाळ्यातल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने वाळलेला टायर फुटतो.

काढलेला भाग फेकू नका

आवाजासाठी सायलेन्सर बदलला, चाकं बदलली, हरकत नाही. पण मूळ भाग भंगारात गेला की परत आणणं जवळपास अशक्य असतं. पेटीत घाला, वर तारीख लिहा. रंगही पूर्ण काढून पुन्हा मारू नका. जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारं मीटर लावतो: कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो, पुटीन-पेंटिंग झालं की आकडा लगेच वर उडी मारतो. दारावर बारीक ओरखडा असलेली मूळ रंगाची गाडी नव्याने चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा जास्त पैसे देते.

दोन्ही चाव्या, मूळ बिल, सर्व्हिस बुक, टूल किट, जॅक आणि जुन्या नंबरप्लेटसुद्धा जपा.

आमची पद्धत

गाडी घेण्याआधी तपासायला आणलीत तर आम्ही अर्धा दिवस घेतो आणि त्याचे पैसे घेतो. काही जणांना ते पटत नाही. पण प्रत्येक काचेवरचा शिक्का, प्रत्येक पत्र्यावर मीटर, वेगवेगळ्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले किलोमीटर, हे सगळं दहा मिनिटांत होत नाही. एखाद्या काचेचं वर्ष बाकीच्यांशी जुळत नसेल, तर ती काच का बदलली हे विचारावंच लागतं. सगळं लेखी देतो. किंमत मात्र लिहून देत नाही, ती बाजार ठरवतो.

ज्यांना पंधरा दिवसांनी फिरवणं जमत नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे बंद, जाळी लावलेल्या शेडमध्ये गाडी ठेवायची सोय आहे. चार्जर, टायरची हवा, तीस किलोमीटरची फेरी आणि प्रत्येक फेरीची वहीत नोंद. ती वही गाडीबरोबर तुम्हालाच मिळते, विकताना कामी येते. जागा थोडी आहे, त्यामुळे पावसाळ्यासाठी ठेवायची असेल तर अक्षय्य तृतीयेच्या आत सांगा.

येताना आरसी, विम्याची प्रत आणि दोन्ही चाव्या आणा. गाडी बंद पडली असेल तर जम्प न देता आधी फोन करा, आम्ही चार्जर घेऊन येतो.