ड्रंक अँड ड्राइव्हच्या खटल्याचे कागद : पार्श्वभूमी

नाकाबंदीत पकडलेल्या चालकाच्या ‘एफआयआर’ची प्रत मागायला माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि ‘असा गुन्हा आमच्याकडे दाखलच नाही’ हे उत्तर घेऊन परत येतो. प्रकरण दाबलं गेलं, असं त्याला वाटतं. पुष्कळदा तसं नसतं. अपघात झालेला नसला, कुणी जखमी नसलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची, केस वाहतूक शाखेकडून अनेकदा सरळ न्यायालयात जाते आणि एफआयआर तयारच होत नाही. त्याच चालकावर बेदरकार गाडी चालवल्याचंही कलम लावलं, तर मात्र प्रकरण ठाण्यात येतं आणि गुन्हा नोंदवला जातो. ‘ड्रंक अँड ड्राइव्हचं रेकॉर्ड’ या नावाची एकच फाइल महाराष्ट्रात कधीच नव्हती. कागद वाहतूक शाखेत, ठाण्यात, न्यायालयात आणि आरटीओत विखुरलेले असतात. त्यातलं काय कुणाला बघायला मिळावं, हेही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कायद्यांनी ठरत गेलं.

मुळात कागदच बदलत गेला. १९३९ च्या मूळ मोटार वाहन कायद्यात दारूच्या प्रमाणाचा आकडा नव्हता. गाडीवरचा ताबा सुटण्याइतकी नशा होती का, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर डॉक्टरच्या दाखल्यात शोधलं जाई. तोंडाला वास येतो का, चाल सरळ आहे का, बोलणं असंबद्ध आहे का, बुबुळं विस्फारली आहेत का, ही त्या दाखल्यातली नेहमीची कलमं. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे असे दाखले ढिगांनी निघत. मुंबईतल्याच एका अपघात खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुसता वास, लडखडती चाल आणि बुबुळं एवढ्यावरून चालक नशेत होता असं ठामपणे सांगता येत नाही. तिथून रक्ताच्या अहवालाचं वजन वाढलं. १९८८ चा कायदा आला तेव्हा त्यात रक्तातली दारू ‘कितीही कमी’ असली तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणली आणि श्वासचाचणीच्या यंत्रालाही या गुन्ह्याच्या कलमात स्थान दिलं.

२००७ पासून मुंबईत नियमित मोहीम सुरू झाल्यावर या यंत्रातून निघणारी चिठ्ठी हाच खटल्याचा मुख्य कागद झाला. बसच्या तिकिटासारखी अरुंद पट्टी, तिच्यावर तारीख, वेळ, चाचणीचा क्रमांक आणि एक आकडा. ही पट्टी थर्मल कागदाची असते. उन्हात राहिली किंवा प्लास्टिकच्या पाकिटात चिकटून पडली, की अक्षरं उडत जातात. मी एका जुन्या प्रकरणात टाचणीला लावलेली अशी पट्टी पाहिली आहे. तिच्यावर सहीची निळी शाई ठळक होती आणि आकडा होता तिथे करडा डाग उरला होता. शेजारी झेरॉक्स नव्हती. रेकॉर्ड मिळण्या-न मिळण्याची चर्चा आपण कायद्याच्या अंगाने करतो, पण कित्येक केस कागदाच्या जातीमुळेच संपलेल्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १० हजारांपर्यंत नेला आणि प्रयोगशाळेतल्या तपासणीलाही कलमात जागा दिली. त्यामुळे नव्या प्रकरणांत निदान मागे एक टिकाऊ अहवाल असण्याची शक्यता वाढली.

अटकेची नोंद शोधणाऱ्यांचा गोंधळ आणखी वेगळा. कलम २०२ खाली गणवेशातला पोलीस अशा चालकाला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावं लागतं. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच जणांना ‘ताब्यात’ घेतलं जातं, चाचणी होते, परवाना जमा होतो आणि न्यायालयात हजर राहण्याची नोटीस देऊन घरी पाठवलं जातं. कागदोपत्री अटक झालेलीच नसते. नोव्हेंबर २०१० पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-सी आलं आणि अटक केलेल्यांची नावं-पत्ते जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर लावणं बंधनकारक झालं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत हाच फलक डिजिटल स्वरूपातही असावा असं म्हटलं आहे, आणि राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक आरोपींची यादी पाहता येते. नोटीस देऊन सोडलेल्या चालकाचं नाव त्या यादीत सापडणार नाही. त्यावरून तो निर्दोष आहे असंही म्हणता येत नाही आणि पोलिसांनी लपवाछपवी केली असंही नाही.

एफआयआर मोकळा झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये. वकिलांच्या एका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदवल्यापासून २४ तासांत प्रत्येक एफआयआर संकेतस्थळावर टाकायचा, दुर्गम भागात फार तर ७२ तास. लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळायची. हा आदेश त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून लागू झाला. जिथे एफआयआर आहे, त्या मद्यपी चालकाच्या प्रकरणात आज ठाण्याची पायरी चढायची गरज नाही. ठाणं, वर्ष आणि तारखेचा अंदाज असला की पुरतं.

खरी गुंतागुंत न्यायालयाच्या कागदांची आहे आणि ती एका निकालापाशी येऊन थांबते.

‘नक्कल’ मागण्याचा हक्क माहिती अधिकारापेक्षा कितीतरी जुना. १८७२ च्या पुरावा कायद्याने सार्वजनिक दस्तऐवज बघण्याचा ज्याला हक्क आहे त्याला शुल्क घेऊन प्रमाणित प्रत द्यावी असं ठरवलं होतं. नव्या साक्ष कायद्यात हेच कलम ७५ म्हणून आलं आहे. १९७३ च्या प्रक्रिया संहितेने तर निकालाशी ज्याचा काही संबंध नाही अशा माणसालाही निकालाची नक्कल देता येईल असे नियम करण्याची मुभा उच्च न्यायालयांना दिली. नकलेचा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टँप, खटल्याचा क्रमांक, कुठला कागद हवा त्याचं नाव, आणि मग तारखांवर तारखा. ही वाट संथ होती, पण होती.

माहिती अधिकार आला तेव्हा लोकांना वाटलं की आता ही खिडकी मागे पडेल. २००२ चा राज्याचा कायदा आणि मग ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा. दहा रुपये, तीस दिवस, कारण सांगायची गरज नाही. उत्तर चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड. गुजरातमधल्या एका अर्जदाराने २०१० मध्ये उच्च न्यायालयातल्या दोन प्रकरणांची कागदपत्रं या कायद्याखाली मागितली. न्यायालयाच्या प्रशासनाने आपल्या नियमांकडे बोट दाखवलं : त्रयस्थाने प्रतिज्ञापत्र द्यावं, कागद का हवेत ते सांगावं, आदेश मिळवावा. वाद दहा वर्षं चालला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी प्रशासनाची बाजू उचलून धरली. न्यायालयीन कामकाजातले कागद हवे असतील तर न्यायालयाच्या नियमांनीच मागा, माहिती अधिकाराने नाही. दोन्हींत विसंगती नाही, म्हणून माहिती अधिकाराला इतर कायद्यांवर वरचढ ठरवणारं कलम इथे लागत नाही.

निकालातलं एक विधान मला पटलेलं नाही. पक्षकारांनी दिलेली माहिती ही त्यांची वैयक्तिक माहिती, आणि न्यायालय ती विश्वस्त म्हणून सांभाळतं, असं तिथे म्हटलं आहे. गुजरातचं प्रकरण दिवाणी होतं. भाऊबंदकीच्या दाव्यात, घटस्फोटात हा विचार समजू शकतो. तिथले कागद माणसाने स्वतः, आपल्या भांडणासाठी आणून ठेवलेले असतात. मद्यपी चालकाच्या खटल्यात फिर्यादी सरकार असतं. चाचणी सार्वजनिक रस्त्यावर, सरकारी यंत्रावर, सरकारी नोकराने केलेली असते. शिक्षा जनतेच्या नावाने होते. त्या चिठ्ठीवरचा आकडा ही आरोपीने न्यायालयाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव कशी ठरते? तरी नियम दिवाणी आणि फौजदारी दोन्हींना सारखाच लागला. बहुतेक उच्च न्यायालयांत त्रयस्थासाठी असेच नियम आहेत. आपल्याकडेही पक्षकार नसलेल्याला कारण दाखवून न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो.

निकालाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही हलका नाही. तालुका न्यायालयातल्या नक्कल विभागात मोजकी माणसं असतात, आणि माहिती अधिकाराचे शेकडो अर्ज तिथे वळले तर ज्याला अपिलासाठी नक्कल हवी तो कैदी मागे राहील. पण त्यावर उपाय कर्मचारी वाढवण्याचा होता. कारण विचारायला सुरुवात केली की हक्काची मेहेरबानी होते.

जानेवारी २०२३ मध्ये दार आणखी थोडं लोटलं गेलं. एफआयआरप्रमाणे दोषारोपपत्रंही संकेतस्थळावर टाकावीत ही मागणी फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने ती पुरावा कायद्यातले ‘सार्वजनिक दस्तऐवज’ नाहीत असं सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती लागू झाली आणि माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) हे कलम एका ओळीचं झालं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारतानाही तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे त्याच कलमाखाली तपासावं लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोनच शब्द पुरतात. जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, पण त्याचा आधार घ्यायचा तर अर्जदाराला झगडावं लागतं. शाळेच्या बसचालकाचा परवाना पूर्वी निलंबित झाला होता का, हे आरटीओला विचारणाऱ्या पालकाची अडचण इथून सुरू होते.

कायद्याने कागद मोकळा असला तरी तो जागेवर असेल असं नाही. सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातल्या बहुचर्चित अपघाताच्या खटल्यात २०१४ साली साक्षीदारांचे मूळ जबाब सापडत नसल्याचं न्यायालयात सांगितलं गेलं. नंतर ते मिळाले. पुढे २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्या खटल्यातल्या आरोपीची उच्च न्यायालयात निर्दोष मुक्तता झाली. त्याच प्रकरणातल्या सरकारी वकिलांवरच्या खर्चाची माहिती मागणाऱ्याला, २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत फाइली जळाल्याचं उत्तर मिळालं होतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. तेव्हा प्रश्न आणखी एक पायरी मागे गेला : रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. शिवाय चालक अल्पवयीन असल्याने बाल न्याय कायदा त्याच्या ओळखीवर पडदा टाकतो, आणि तो पडदा योग्यच आहे. पण नमुना कुणी, केव्हा, कुठे घेतला याची साखळी त्या पडद्याआड जाऊ नये, ही मृतांच्या घरच्यांची अपेक्षाही तितकीच योग्य.

ई-कोर्टसच्या संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा, कलमं आणि टप्पा कुणालाही दिसतो. क्रमांक माहीत नसला तर न्यायालय, वर्ष आणि पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, फक्त नावाचं स्पेलिंग नोंदणाऱ्याने कसं लिहिलं ते ओळखावं लागतं. पुणे-नाशिककडे अशा केस बहुधा ‘एससीसी’ या प्रकारात, म्हणजे संक्षिप्त फौजदारीत असतात. ‘आरसीसी’त, म्हणजे नियमित फौजदारीत, शोधणारा हमखास चुकतो. किरकोळ खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, तेव्हा उशीर करण्यात तोटाच आहे.

नकलेच्या अर्जात ‘कशासाठी’ ही ओळ येते. अपघातात गेलेल्याच्या घरच्यांनी तिथे ‘मोटार अपघात दाव्यासाठी’ असं लिहिलं, तर माझ्या पाहण्यात आदेश सहसा होतो. ‘आमच्या सोसायटीत राहणाऱ्या चालकाला शिक्षा झाली का ते कळण्यासाठी’ असं खरंखुरं लिहिणाऱ्याचा अर्ज टेबलावर राहतो.