पावसाळ्यात हरणाची शिकार बंद का असायची?

मृग लागला की पेरणीची घाई सुरू होते. पण या नक्षत्राच्या नावातच एक शिकार दडलेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ऐतरेय ब्राह्मणातल्या कथेत प्रजापती हरणाचं रूप घेऊन स्वतःच्या मुलीमागे, म्हणजे रोहिणीमागे, धावतो आणि रुद्र त्याला बाण मारतो. हरिण झालं मृग, मारणारा झाला व्याध आणि मृगातले ओळीतले तीन तारे म्हणजे तो रुतलेला बाण. ७-८ जूनला सूर्यच मृगात शिरतो, त्यामुळे नेमक्या त्या दिवसांत हे हरिण आकाशात दिसत नाही. हरिण आणि व्याध रात्रभर दिसतात ते थंडीत. योगायोगच, पण जमिनीवरच्या शिकारीचं वर्षही असंच चालायचं: पावसाळ्यात गप्प, दसरा-दिवाळीनंतर सुरू.

याचं पहिलं कारण धर्म किंवा दया नव्हे, तर भिजलेली दारू. बंदुकीची. तोड्याच्या बंदुकीला जळता तोडा, म्हणजे दारू पेटवणारी वात, लागतो आणि तो सरीत विझतो. तोंडातून दारू ठासून भरायच्या ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू तर नुसत्या दमट हवेनेही सादळते. धनुष्याला तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्याची, दोरी असेल तर तीही भिजून सैल पडते. त्यात रानात पुरुषभर गवत, नाले तुडुंब आणि हिवतापाची भीती. खरं तर पाऊस शिकाऱ्याला काही बाबतींत मदतच करतो. ओल्या पाचोळ्यावर पाऊल वाजत नाही. चिखलात सांबराचा खूर असा ठसठशीत उमटतो की जनावर कधी गेलं याचा अंदाज नवख्यालाही बांधता यावा. पण गोळी खाऊन सांबर पळालं आणि वरून एक जोराची सर आली, की रक्ताचा माग धुऊन जातो. मग ते कुठल्या तरी ओढ्यात कुढत मरतं आणि कुणाच्याच हाती लागत नाही.

काळ्या रानातली गोष्ट वेगळी. उघड्या माळावर काळवीट कुत्र्याला हाती लागत नाही. पण कापसाची काळी जमीन भिजली की त्याचे टोकदार खूर खोल रुततात आणि वेग संपतो. अशा वेळी कुत्री घालून काळवीट दमवून मारणं सोपं. याला शिकार म्हणायचं का, हा प्रश्न मला तरी पडतो.

ज्यांचं पोटच पारधीवर होतं, त्यांना ऋतूचे लाड परवडत नव्हते. फासेपारधी फासे लावत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने, तिच्या चालीने सरकत हरणांच्या कळपाजवळ जात. हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचं. इंग्रजांनी मात्र पारध्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं. तो शिक्का कायद्याने १९५२ साली पुसला, लोकांच्या मनातून अजून नाही.

दयेचा धागाही जुना आहे, आणि तो थेट नालासोपाऱ्यापर्यंत येतो. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या शिलालेखाचा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथे मृगया चाले. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्या लेखात सांगतो. पहिल्या शिलालेखातली कबुली तर याहून प्रामाणिक आहे: राजाच्या मुदपाकखान्यात आता रोज दोन मोर आणि एक हरिणच मारलं जातं, आणि ते हरिणही नेहमी नाही. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास मुळात पावसात उगवणारं गवत आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून. घरोघरी श्रावण पाळतात त्याचं नातंही इथेच कुठेतरी आहे.

कायदा फार उशिरा आला. निलगिरीसाठी १८७९ साली शिकार-संरक्षणाचा कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना हरणांसह ठरावीक प्राण्यांसाठी बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा कायदा केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही परवाना काढून शिकारीला थोडी वाट होती, पण त्यात एक बारकाईचं कलम होतं: पिल्लं, माद्या आणि शिंगांवर मखमल असलेला नर मारायचा नाही.

ही मखमल म्हणजेच पावसाळा. सांबराची शिंगं उन्हाळ्यात गळतात. नवी शिंगं पावसाळ्यात वाढतात, तेव्हा त्यांच्यावर केसाळ, मऊ, रक्ताने भरलेली कातडी असते. हात लावला तर कोमट लागावी अशी. थंडीच्या तोंडावर ती वाळते, नर झाडाच्या सालीवर शिंगं घासून ती सोलून काढतो आणि मग माजावर येतो. भेकराचंही साधारण असंच. चितळाचं वेळापत्रक निराळं, आणि काळवीट व चिंकारा तर कुरंग, म्हणजे हरणांहून वेगळ्या कुळातले, त्यांची शिंगं गळतच नाहीत. म्हणजे पावसाळी बंदी सगळ्यांना सारखी लागू पडत नव्हती.

त्याहून मोठी फट पिकाची होती. १९१२ च्या कायद्यात पिकाच्या राखणीसाठी जनावर मारण्याची सूट होती, आणि खरीप उभा असतो तो पावसाळ्यातच. पुढे ‘अधिक धान्य पिकवा’ या सरकारी मोहिमेच्या काळात पीकसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले गेले. शिकारी साहेब थंडीची वाट बघत बसलेला असताना ज्वारीच्या कडेला बांधलेल्या माचाणावरून श्रावणातही बार निघत होते. माळरानांवरचे काळविटांचे मोठे कळप विरळ होण्यात राजेरजवाड्यांच्या शिकारीइतकाच या परवान्यांचाही हात आहे, असं मला वाटतं. नगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीसारखं अभयारण्य १९८० साली करावं लागलं ते काळविटासाठीच.

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपली आणि बंदीच्या काळाला अर्थच उरला नाही; बंदी बारमाही झाली. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो, पण वनरक्षकांची गस्त तेव्हाच वाढवावी लागते. पर्यटक नाहीत, गवत उंच, रस्ते चिखलात बुडालेले. त्यातच काही शेतांच्या कुंपणात रात्री चोरून वीज सोडली जाते. ओली जमीन आणि ओलं हरिण, मग त्या तारेला ना तोडा लागतो ना कोरडी दारू.