चिखलात श्वास घेणारं जायफळ

ऐरोलीला खाडीकाठी ओहोटीच्या वेळी गेलात तर तिवराच्या बुंध्याभोवती बघा. चिखलात पेन्सिली रोवाव्यात तशी शेकडो मुळं वर आलेली दिसतील. ही श्वासमुळं. पाणी मुरलेल्या चिखलात हवा खेळत नाही, कारण पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणून झाड मुळंच वर काढतं आणि त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत घेतं.

हीच युक्ती सह्याद्रीत गोड्या पाण्यातल्या एका झाडानं साधली आहे, आणि त्याचं कूळ आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. ते रानजायफळ. बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळतो ते जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. हे त्याचे भाऊबंद मात्र इथलेच. सालीला चीर दिली की रक्तासारखा लाल चीक येतो, आणि फळ तडकलं की आत बियांवर तीच ओळखीची जायपत्री.

अशा झाडांच्या पाणथळ जंगलाला मायरिस्टिका स्वॅम्प म्हणतात. १९६० साली कृष्णमूर्ती यांनी दक्षिण केरळात त्याची पहिली नोंद केली. पुढे उत्तर कन्नड, गोव्याच्या सत्तरीतली निरंकाराची राय आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे इथेही ते सापडलं. बांबर्ड्याचं जंगल आहे जेमतेम २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरही नाही. २०२१ मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालं.

आत शिरलं की वर गच्च सावली आणि खाली झुळझुळतं पाणी. काही झाडांची मुळं चिखलातून गुडघा दुमडल्यासारखी वर येऊन पुन्हा आत जातात, काहींच्या खोडांना कमानीसारखी आधारमुळं फुटलेली असतात.

हे जंगल एवढं दुर्मीळ का? माझ्या मते खरं कारण पाण्यात आहे. त्याला बारमाही ओहोळ लागतो, आणि बारमाही ओहोळ माणसालाही हवा असतो. अशा सपाट, ओल्या जागी भातखाचरं झाली, पोफळीच्या बागा झाल्या. एकही झाड न तोडता वरच्या अंगाला ओहोळ वळवला तरी जंगल सुकतं. निरंकाराची राय टिकली ती लोकांच्या श्रद्धेमुळे. देवाच्या रायीला कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला.

आपल्या खाडीतली तिवरं भरतीबरोबर बी पाठवतात. नवा गाळ साचला की तिथे रोपं उभी राहतात. रानजायफळाला ही सोय नाही. त्याचं बी जड, आणि वाळलं की मेलं, त्यामुळे डबीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. ते लांब न्यायला धनेशासारखा मोठ्या चोचीचा पक्षी लागतो. शिवाय नर झाड वेगळं, मादी वेगळी. साडेसहा एकरांत मोजक्या माद्या उरल्या तर फळं धरणार तरी किती?

ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांचं गाव सिंधुदुर्गात आहे. गणपतीला गेल्यावर दोडामार्गाकडे फेरी झालीच, तर स्थानिक माणसाला सोबत घ्या आणि कडेकडेनं चाला. चिखलातल्या त्या गुडघ्यांवर पाय देऊ नका, झाडाचा श्वास तिथून चालतो.