लिनक्स कर्नलमधील ड्रायव्हर कॉन्फिगरेशन

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, कोणत्या हार्डवेअरचे ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) घ्यायचे, ते कर्नलच्या मूळ फाइलमध्येच बसवायचे की लागेल तेव्हा लोड होणारी मॉड्यूल म्हणून बाजूला ठेवायचे, आणि लोड झाल्यावर त्यांनी कसे वागायचे हे ठरवण्याची पद्धत. यातले काही निर्णय कर्नल कंपाइल करताना (सोर्स कोडपासून चालणारी फाइल बनवताना) होतात, काही यंत्र सुरू होताना आणि काही यंत्र चालू असताना. नवख्या माणसाची गल्लत बहुधा इथेच होते. कंपाइल करताना वगळलेला ड्रायव्हर तो बूटच्या पर्यायांनी चालू करू पाहतो, किंवा मॉड्यूलच्या एका पॅरामीटरने भागणार असते तिथे अख्खा कर्नल पुन्हा कंपाइल करायला बसतो.

कर्नलच्या सोर्स कोडचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या ‘ड्रायव्हर्स’ डिरेक्टरीत आहे. कॉन्फिगरेशनचे पर्याय १५ हजारांहून अधिक आहेत. त्या सगळ्यांना एकेक करून उत्तर देणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. त्यामुळे ‘या यंत्रात काय काय आहे?’ हा प्रश्न माणसाकडून काढून यंत्राकडे कसा सोपवला गेला, हाच बऱ्याच अंशी या पद्धतीचा इतिहास आहे. ज्या हार्डवेअरला स्वतःची ओळख सांगता येत नाही, तिथे तो अजूनही माणसाकडेच आहे.

प्रारंभीचा काळ : लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये उपलब्ध करून दिलेल्या ०.०१ आवृत्तीत कॉन्फिगरेशन म्हणजे सी भाषेतली एक हेडर फाइल होती. हार्ड डिस्कला किती हेड, किती सेक्टर, किती सिलिंडर हे आकडे त्या फाइलमध्ये हाताने लिहायचे आणि कर्नल कंपाइल करायचा. मूळ फाइलमध्ये टोरवाल्ड्स यांच्या स्वतःच्या डिस्कचे आकडे होते. दुसऱ्या कोणाला ते बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे शेल स्क्रिप्टवर चालणारी प्रश्नोत्तरे आली. ‘मेक कॉन्फिग’ म्हटले की एकामागून एक प्रश्न येत आणि मागच्या प्रश्नाकडे परतण्याची सोय नसे. एखादे उत्तर चुकले तर सगळे थांबवून पहिल्यापासून सुरुवात. त्या काळच्या आयसा बसला (कार्डे जोडण्याच्या वाहिनीला) जोडलेली कार्डे आपली ओळख सांगत नसत. एनई२००० जातीचे नेटवर्क कार्ड असेल तर त्याचा आय/ओ पोर्ट (प्रोसेसरने कार्डाशी बोलण्याचा पत्ता) षोडशमान, म्हणजे १६ च्या पायावरचा, ३०० आहे आणि इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) अमुक क्रमांकाचा आहे हे कार्डावरचे जंपर पाहून, किंवा त्यासोबत आलेल्या कागदावर शोधून, ड्रायव्हरला सांगावे लागे. दोन कार्डांना एकच इंटरप्ट दिला गेला तर दोन्ही बंद पडण्याची शक्यता. पीसीआय या नव्या बसने हे चित्र पालटले. पीसीआयवरच्या प्रत्येक उपकरणाच्या पोटात उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक असतो आणि कर्नल तो वाचू शकतो. इंटेलने उत्पादक म्हणून स्वतःसाठी घेतलेला क्रमांक षोडशमान ८०८६ आहे. १९७८ च्या आपल्या प्रोसेसरची आठवण कंपनीने अशी प्रत्येक चिपमध्ये जपली आहे.

दरम्यान, १९९५ च्या १.२ आवृत्तीपर्यंत लोड होणारी मॉड्यूल स्थिरावली होती. कर्नल लहान ठेवायचा आणि ड्रायव्हर चालू यंत्रात घालायचे-काढायचे, हे त्यामुळे शक्य झाले.

केकॉन्फिग : आज वापरात असलेली केकॉन्फिग ही भाषा ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ या विकास-आवृत्तीत आली. तिचे कर्ते रोमन झिपेल. त्याआधी एरिक रेमंड यांनी सीएमएल२ नावाची पर्यायी प्रणाली दोनेक वर्षे खपून तयार केली होती आणि ती स्वीकारली जाईल असे एका टप्प्यावर वाटतही होते. पण कर्नल बांधण्यासाठी पायथन भाषेची अट पडणार, शिवाय जुने सगळे एकदम काढून नवे बसवायचे, या दोन्ही गोष्टी बऱ्याच विकासकांना रुचल्या नाहीत. झिपेल यांचे काम सी भाषेत होते आणि जुन्या नियमांशी ते बऱ्यापैकी जुळवून घेत होते. गुणवत्तेपेक्षा सवयींना कमी धक्का देणारा पर्याय जिंकला, असे म्हणायला इथे जागा आहे. गंमत अशी की झेफिर ही लहान उपकरणांसाठीची कार्यप्रणाली आज हीच केकॉन्फिग भाषा पायथनमधल्या अंमलबजावणीने चालवते. बिझीबॉक्स, यू-बूट, बिल्डरूट, कोअरबूट या प्रकल्पांनीही केकॉन्फिग उचलली आहे.

केकॉन्फिगमध्ये बहुतेक ड्रायव्हरांना तीन अवस्था असतात: ‘वाय’ म्हणजे कर्नलच्या आतच, ‘एम’ म्हणजे मॉड्यूल, ‘एन’ म्हणजे नाही. या तिन्हींना चढता क्रम आहे, एन, मग एम, मग वाय. आणि अवलंबित्वाचे गणित या क्रमावरच चालते. ‘डिपेंड्स ऑन’ ही ओळ पर्यायाला वरची मर्यादा घालते. इंटेलच्या वाय-फाय कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर सीएफजी८०२११ या वायरलेस थरावर अवलंबून आहे. तो थर मॉड्यूल म्हणून निवडला असेल तर ड्रायव्हरही फार तर मॉड्यूलच होऊ शकतो. त्याला ‘वाय’ देण्याचा मार्गच उरत नाही. आणि तो थर वगळला असेल तर हा ड्रायव्हर मेन्यूत दिसतच नाही. ‘माझ्या कार्डाचा पर्याय मेन्यूत कुठेच नाही’ या नेहमीच्या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. ‘मेन्यूकॉन्फिग’ या पर्याय निवडण्याच्या मेन्यूत तिरकी रेघ दाबून शोध घेतला की लपलेला पर्यायही सापडतो आणि तो कोणत्या अटीपायी अडला आहे तेही कळते.

‘सिलेक्ट’ ही ओळ उलट्या बाजूने काम करते: ती दुसऱ्या पर्यायाला खालची मर्यादा घालते, म्हणजे तो जबरदस्तीने चालू करते. पण असे करताना त्या दुसऱ्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पूर्ण झाल्या आहेत की नाही हे ती पाहत नाही. परिणामी कंपाइल न होणारी कॉन्फिगरेशने तयार होतात. म्हणून कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजातच सिलेक्ट जपून वापरण्याची सूचना आहे: ज्यांना स्वतःच्या अटी नाहीत अशा, मेन्यूत न दिसणाऱ्या सहायक पर्यायांपुरतीच ती ठेवावी. ही सूचना सर्रास मोडली जाते. ४.१० आवृत्तीत ‘इम्प्लाय’ हा मवाळ पर्याय आला. तो सुचवतो, पण सक्ती करत नाही. ‘डीफॉल्ट वाय’ हाही वादाचा विषय आहे. आपला नवा ड्रायव्हर सगळ्यांच्याच कर्नलमध्ये जावा असे प्रत्येक लेखकाला वाटते आणि टोरवाल्ड्स त्यावर वेळोवेळी बरसले आहेत. ज्याच्याकडे ते हार्डवेअर नाही त्याच्या माथी ड्रायव्हर मारू नये, हा त्यांचा आग्रह रास्तच आहे.

निवडलेली सगळी उत्तरे सोर्स डिरेक्टरीतल्या ‘.कॉन्फिग’ या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठतात. ही फाइल हाताने बदलता येते, पण एखादी अट मोडणारी ओळ घातली तर पुढच्या ‘मेक’मध्ये ती चुपचाप नाहीशी होते. हाताने बदल केल्यावर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवून आपली ओळ टिकली का ते पाहावे. चालू कर्नलचे कॉन्फिगरेशन बहुतेक वितरणे (लिनक्सचे तयार संच) बूट डिरेक्टरीत ठेवतात. तशी सोय चालू करून बांधलेल्या कर्नलमधून ते ‘प्रॉक’ फाइल प्रणालीतही वाचता येते.

सगळे पर्याय स्वतः निवडण्याऐवजी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरणे व्यवहारात सोयीचे पडते. २.६.३२ आवृत्तीत, म्हणजे २००९ च्या अखेरीस आलेली ही आज्ञा त्या क्षणी यंत्रात लोड असलेली मॉड्यूल पाहते आणि बाकीची वगळते. कंपाइल होण्याचा वेळ त्यामुळे खूपच कमी होतो. धोका एवढाच की त्या वेळी जो प्रिंटर, वेबकॅम किंवा पेनड्राइव्ह जोडलेला नव्हता, त्याचा ड्रायव्हरही गळतो. तेव्हा आधी सगळे जोडून घ्यावे. याउलट ‘ऑलयेसकॉन्फिग’ आणि ‘रँडकॉन्फिग’ या आज्ञा वापरासाठी नाहीतच. पर्यायांच्या विचित्र जोड्या लावून कुठे कंपाइल अडते ते शोधण्यासाठी विकासक आणि स्वयंचलित चाचणीयंत्रे त्या चालवतात.

कर्नलमध्ये की मॉड्यूल : डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांना कोणाच्या यंत्रात काय असेल ते ठाऊक नसते, म्हणून ती जवळजवळ सगळे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधतात. पण रूट फाइल प्रणाली, म्हणजे कार्यप्रणालीच्या सगळ्या फाइलींचे मूळ, ज्या डिस्कवर आहे त्या डिस्कचा ड्रायव्हर त्याच डिस्कवर मॉड्यूल म्हणून ठेवला, तर तो वाचायचा कसा? यावर उपाय म्हणजे इनिटरॅमएफएस: बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नल लोड करणारा प्रोग्राम) कर्नलसोबतच स्मृतीत आणून ठेवतो असा एक छोटा संग्रह, ज्यात आवश्यक मॉड्यूल असतात. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हे न केल्यामुळे ‘रूट फाइल प्रणाली माउंट करता येत नाही’ अशा अर्थाचा कर्नल पॅनिक (यंत्र थांबवणारी कर्नलची घातक चूक) पाहिलेला असतो. त्यावर दोनच उपाय: डिस्क कंट्रोलर आणि फाइल प्रणाली या दोन्हींचे ड्रायव्हर ‘वाय’ करणे, किंवा इनिटरॅमएफएस नव्याने तयार करणे.

फर्मवेअरची अडचण याच जातीची आहे. अनेक उपकरणांना सुरू होण्यासाठी उत्पादकाने दिलेली बायनरी फाइल लागते. अशा फाइली पूर्वी कर्नलच्या सोर्समध्येही होत्या, ४.१४ आवृत्तीत त्या काढल्या गेल्या आणि आता त्या लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या संग्रहातून येतात. ड्रायव्हर ‘वाय’ केला आणि फर्मवेअर मात्र डिस्कवरच राहिले, तर डिस्क माउंट होण्याआधीच ड्रायव्हर ती फाइल मागतो आणि अपयशी ठरतो. वाय-फायचा ड्रायव्हर मॉड्यूलच ठेवावा हा सल्ला त्यामुळेच.

मॉड्यूल आपोआप कसे लोड होते : प्रत्येक ड्रायव्हर आपण कोणकोणती उपकरणे हाताळतो याची क्रमांकांसह यादी बाळगतो. ‘डेपमॉड’ या सगळ्या याद्या एका फाइलमध्ये गोळा करते. उपकरण सापडले की कर्नल त्याचे ‘मॉडअलायस’ (उपकरणाच्या क्रमांकांपासून बनलेले नाव) जाहीर करतो, पार्श्वभूमीत चालणारी यूडेव्ह ही सेवा ते ऐकते आणि जुळणारे मॉड्यूल लोड करवते. या साखळीत हस्तक्षेप करायचा तो ‘मॉडप्रोब.डी’ डिरेक्टरीतल्या फाइलींमधून. तिथे ‘ऑप्शन्स’ या शब्दाने पॅरामीटर देता येतात; आयडब्ल्यूएलवायफायला ‘११एन_डिसेबल=१’ देऊन ८०२.११एन बंद करणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘ब्लॅकलिस्ट’ने आपोआप लोड होणे थांबते, पण नाव घेऊन मॉड्यूल मागितले किंवा दुसऱ्या मॉड्यूलला त्याची गरज पडली तर ते तरीही लोड होते. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असेल तर या फाइलींचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. मग ड्रायव्हरचे नाव, टिंब आणि पॅरामीटर असे बूटच्या ओळीत लिहावे लागते. एखादे उपकरण एका ड्रायव्हरपासून सोडवून दुसऱ्याच्या हवाली करणेही चालू यंत्रावर सिसएफएस या, उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रणालीतून शक्य आहे. ग्राफिक्स कार्ड आभासी यंत्राला देताना हेच करतात.

डिव्हाइस ट्री : पीसीआय आणि यूएसबी यांच्यावरची उपकरणे आपली ओळख सांगतात, पीसीच्या बोर्डावरच्या बाकीच्या भागांची माहिती एसीपीआयच्या, म्हणजे यंत्राच्या फर्मवेअरने पुरवलेल्या, तक्त्यांतून मिळते. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर यातले फारसे काही नसते. आय-टू-सी वाहिनीला जोडलेला तापमानमापक स्वतःहून नाव सांगत नाही. त्याचा पत्ता षोडशमान ७६ आहे आणि तो बॉशचा बीएमई२८० आहे हे कोणीतरी लिहूनच द्यावे लागते. पूर्वी हे लिखाण सी भाषेत, प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या फाइलमध्ये, कर्नलच्या आतच होत असे. बोर्ड वाढत गेले तशा या फाइली बेसुमार वाढल्या आणि मार्च २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी एआरएम विभागाच्या कारभारावर उघडपणे आगपाखड केली. त्यानंतर डिव्हाइस ट्रीकडे वळण्याच्या कामाला वेग आला.

ही कल्पना मुळात १९९४ च्या आयईईई १२७५ या ओपन फर्मवेअर मानकातली. पॉवरपीसी यंत्रांवर लिनक्सने ती आधीच वापरली होती. बोर्डावर काय आहे याचे वर्णन वेगळ्या मजकुरात लिहितात, ते कंपाइल होते आणि बूटलोडर ते कर्नलच्या हाती देतो. वर्णनातल्या ‘कंपॅटिबल’ या ओळीतले नाव ड्रायव्हरच्या यादीतल्या नावाशी जुळले की ड्रायव्हर कामाला लागतो. एकच कर्नल अनेक एआरएम बोर्डांवर चालवण्याची सोय २०१२ च्या अखेरीस ३.७ आवृत्तीत आली. रास्पबेरी पायवर तर मूळ वर्णनाला ठिगळ जोडणारे ‘ओव्हरले’ एका ओळीत चालू करता येतात. ड्रायव्हर कॉन्फिगरेशनशी अनेक विद्यार्थ्यांची पहिली गाठ पडते ती तिथेच. अँड्रॉइडने १२ व्या आवृत्तीपासून, ५.१० कर्नलच्या नव्या फोनांसाठी, सर्वांना समान कर्नल आणि उत्पादकाची वेगळी मॉड्यूल अशी विभागणी केली आहे.

इतर मुक्तस्रोत कर्नलांत रीत वेगळी आहे. फ्रीबीएसडीत ‘जेनेरिक’ नावाच्या एका फाइलमध्ये ‘डिव्हाइस’ या शब्दापुढे ड्रायव्हरचे नाव लिहितात आणि ती फाइल वाचायला सोपी आहे. ओपनबीएसडीने लोड होणारी मॉड्यूल काढूनच टाकली आहेत आणि स्वतःचा कर्नल बांधू नका, असे ते वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगतात.

कर्नलबाहेरचे ड्रायव्हर : कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर राहतील असे वचन लिनक्स देत नाही, हे जाणूनबुजून घेतलेले धोरण आहे. त्यामुळे कर्नलच्या सोर्सबाहेर राहिलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधावा लागतो. डेलने सुरू केलेली डीकेएमएस ही व्यवस्था कर्नल बदलला की हे काम आपोआप करते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे याच वाटेने येत राहिला. कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला, तरी ती मॉड्यूल मुख्य कर्नलबाहेरच आहेत. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असलेल्या यंत्रांवर यात आणखी एक पायरी वाढते. तिथे बहुतेक वितरणांचा कर्नल सही नसलेले मॉड्यूल नाकारतो. म्हणून डीकेएमएसने बांधलेल्या मॉड्यूलवर स्वतःच्या किल्लीने सही करून, यंत्र पुन्हा सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती किल्ली नोंदवावी लागते. तो पडदा थोड्याच वेळात निघून जातो. किल्ली नोंदवायची राहिली तर ड्रायव्हर नीट बांधला जाऊनही लोड होत नाही.