सत्तरीनंतर भूल दिली की माणूस उठत नाही?

"सत्तरी ओलांडलेल्याला भूल देऊ नका, तो परत उठत नाही," हा निरोप वर्षानुवर्षे मोबाईलवर फिरतो आहे. बैलबंडीवरून पडून खुबा आणि बरगड्या मोडलेल्या आजोबांना मग घरीच नेलं जातं. त्यामागे मायाच असते.

वयाबरोबर धोका वाढतो, हे खरं. पण नुसत्या वयावरून भूल नाकारत नाहीत. हृदय, फुप्फुसं, किडनी आणि रक्तस्राव तपासून ठरवतात. औषध कमी मात्रेत, हळूहळू देतात. खुब्यासाठी पुष्कळदा पाठीत सुई देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करतात.

उलट, मोडलेला खुबा घेऊन खाटेवर पडून राहिलं की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात. म्हणून प्रकृती सावरताच, शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन करतात.

घरच्यांनी मात्र नेहमीचा बीपी आणि सगळ्या गोळ्या सांगायलाच हव्यात. एरवी १६० असणाऱ्याचा बीपी ११० दिसला, तर तो चांगला वाटतो. प्रत्यक्षात आत रक्तस्राव चालू असू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पाठीतून भूल देणं टाळावं लागू शकतं.

ऑपरेशननंतर काही म्हातारी माणसं काही दिवस बरळतात, घरच्यांना ओळखत नाहीत. समज त्यातूनच पसरला असावा, असं मला वाटतं. बहुतेकांचं हे ओसरतं. चष्मा, कानाचं यंत्र आणि ओळखीचं माणूस जवळ ठेवा.

खात्री करायची तर भूलतज्ज्ञांना दोन्ही विचारा: भूल दिली तर धोका काय, आणि ऑपरेशन केलंच नाही तर काय?