नामवंतांचे पब, त्यांची बिअर आणि नाशिकची वाइन : पार्श्वभूमी

एखाद्या अभिनेत्याने किंवा क्रिकेटपटूने बार उघडला, अथवा आपल्या नावाशी जोडलेले मद्य बाजारात आणले, की बातमीत त्याचा चेहरा मोठा दिसतो. परवाना, कर आणि शेतमाल या गोष्टी मात्र मागे पडतात. नाशिककरांना हे मागे पडणे खटकायला हवे. नामवंत मंडळी या धंद्यात केव्हा आली आणि किती टिकली, हे बहुतेक वेळा याच तीन गोष्टींनी ठरवलेले आहे.

इंग्लंडमध्ये ही प्रथा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा मुष्टियोद्धा टॉम क्रिब याने आखाडा सोडल्यावर लंडनच्या पँटन स्ट्रीटवर पब चालवला आणि त्या जागी आज त्याच्याच नावाचा पब आहे. पुढे फुटबॉलपटूही निवृत्तीनंतर याच वाटेने गेले, आणि त्यामागे हौसेपेक्षा गरज अधिक होती. कारण १९६१ पर्यंत तेथे खेळाडूंच्या वेतनावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. तथापि, पबची इमारत बहुधा मोठ्या ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याची असे, बिअरही तिचीच विकावी लागे आणि खेळाडू केवळ चालक म्हणून बसे. दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या ब्रुअरींवर १९८९ च्या सरकारी आदेशांनी बंधने आणली, तेव्हा ही घट्ट वीण सैल झाली.

लहान ब्रुअरींचा काळ साधारण याच सुमारास आला. ‘एल’ ही पारंपरिक धाटणीची बिअर टिकावी म्हणून ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्राहकांची चळवळ सुरू झाली. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरनिर्मितीला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि पुढच्या काळातील अनेक व्यावसायिक ब्रुअर त्या घरगुती प्रयोगांतूनच घडले. २००२ मध्ये ब्रिटनने लहान उत्पादकांचा बिअरकर कमी केला. अभिनेता क्लिंट ईस्टवुड याने कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे १९७२ मध्येच ‘हॉग्ज ब्रेथ इन’ सुरू केले होते, परंतु स्वतःच्या बिअरपर्यंत पोहोचणारे नामवंत मुख्यतः या बदलांनंतरचे आहेत. ‘आयर्न मेडन’ या वाद्यवृंदाने २०१३ मध्ये आणलेली ‘ट्रूपर’ ही बिअर रॉबिन्सन्स या जुन्या कौटुंबिक ब्रुअरीत तयार होते.

द्राक्ष उत्पादकाला जवळचे वाटावे असे उदाहरण जेरेमी क्लार्कसन या दूरचित्रवाणी निवेदकाचे आहे. त्याने स्वतःच्या शेतातील बार्ली वापरून २०२१ मध्ये ‘हॉकस्टोन’ ही लागर प्रकारची बिअर बाजारात आणली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बर्फर्डजवळ पब उघडताना तेथे ब्रिटिश शेतमालच वापरण्याचा आग्रह धरला. कच्चा माल विकून हाती फारसे उरत नाही, म्हणून त्यावर प्रक्रिया करून थेट ग्राहकापर्यंत जायचे, हे गणित निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

भारतात चौकट वेगळी आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलम दारूबंदीची दिशा दाखवते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप मूळ आधार आहे आणि ‘परमिट रूम’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द त्याच व्यवस्थेतून आला आहे. केबल दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातींना २००० पासून स्पष्ट मनाई आहे. जाहिरातीचे दार असे बंद असताना मालकाची ओळख हीच जाहिरात ठरते, आणि अलीकडे वाढलेल्या तारांकित भागीदाऱ्यांचे, उदाहरणार्थ २०२३ मध्ये संजय दत्तशी जोडल्या गेलेल्या ‘ग्लेनवॉक’ स्कॉचचे, हे एक ठळक कारण आहे असे मला वाटते. सचिन तेंडुलकरच्या नावाचे कुलाब्यातील उपाहारगृह २००२ मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाले आणि काही वर्षांत बंद पडले. याउलट डॅनी डेन्झोंग्पा यांनी १९८७ मध्ये सिक्कीममध्ये ‘युकसोम ब्रुअरीज’ उभारली, पुढे आसाममधील एक ब्रुअरी घेतली आणि ईशान्य भारतात जम बसवला. कारखाना, स्थानिक बाजारपेठ आणि दीर्घ सातत्य यांमुळे त्यांचा दाखला मला सर्वांत वजनदार वाटतो.

लहान प्रमाणावर बनवल्या जाणाऱ्या क्राफ्ट बिअरचे महाराष्ट्रातील पहिले पाऊल पुण्यात पडले. तेथे २००९ मध्ये ‘डूलॅली’ ही लहान ब्रुअरी सुरू झाली. पाश्चरीकरण न केलेली ताजी बिअर लवकर उतरते आणि तिला सतत थंडावा लागतो, म्हणून ती जिथे मुरते तिथेच विकणे सोयीचे पडते. मात्र तिचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, प्रामुख्याने राजस्थान-हरियाणाकडच्या बार्लीचा, आणि कडवटपणा देणारी हॉप्सची फुले बहुतांशी परदेशी.

नाशिकची वाट म्हणूनच बिअरऐवजी वाइनची झाली. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षजाती लावल्या व १९९९ मध्ये ‘सुला’ ही वायनरी, म्हणजे वाइन बनवणारी कंपनी, स्थापन केली. त्यानंतर राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वायनरीला अन्नप्रक्रिया उद्योगाच्या सवलती दिल्या, उत्पादनशुल्कात सूट दिली आणि विंचूरला वाइन पार्क आले. सुलाचे टेस्टिंग रूम २००५ मध्ये उघडले, २००८ पासून संगीत महोत्सव सुरू झाला आणि मुंबई-पुण्याचा पर्यटक मळ्यापर्यंत येऊ लागला. गोदाकाठच्या तीर्थक्षेत्राला ही नवी ओळख सहज पचली नाही, आणि तो संकोच समजून घेण्याजोगा आहे. येथे मद्याला प्रतिष्ठा मिळवून देणारा आधी कोणी नट नव्हता. धोरण होते, आणि सोनाका-थॉम्सन या खाण्याच्या द्राक्षांच्या बागा सांभाळून वाइनच्या जाती लावण्याचा धोका पत्करणारे शेतकरी होते. २००८ नंतरच्या मंदीत अनेक वायनरी अडचणीत आल्या, तेव्हा वाइनची द्राक्षे उपटून टाकण्याची वेळ या शेतकऱ्यांवरच आली.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि तो निर्णय अमलात आला नाही.